गालावरची पाहुणी

मंजुश्रीच्या हाताला यश नव्हतं असं कुणी म्हणू नये. मुंग्या, डास, ज्वारीतले सोंडे, सगळ्यांना तिनं इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली नीट उभं केलं होतं. पण माणसाच्या चेहऱ्यावरच्या किड्यांनी तिचा पार पिट्टा पाडला. हो, चेहऱ्यावरच्याच! तोंड वाकडं करू नका, तुमच्याही गालावर असतील. कोळ्याच्या जातीचा हा जीव, आखूड आठ पायांचा, केसाच्या मुळाशी डोकं खुपसून राहतो. डोळ्यांना दिसत नाही, आणि अंग इतकं मऊ की यंत्रातली हवा काढली रे काढली, की सुकल्या चिंचेसारखा आक्रसतो.

तो न आक्रसता यंत्रापर्यंत न्यायचा, हेच नांदेडच्या प्रयोगशाळेत तिचं काम. आधी औषधात घालून त्याचं अंग घट्ट करायचं. मग अल्कोहोल वाढवत वाढवत आतलं पाणी काढायचं, मग सुकवायचं, वरून सोन्याचा पातळ थर. चिमट्यानं उचलला तर चिरडतो. म्हणून पापणीचा एक केस काडीला चिकटवायचा आणि त्याच्या टोकावर किडा घ्यायचा. धसमुसळ्या माणसाचं हे कामच नव्हे.

पहिले नमुने तिनं घरचेच घेतले. एक स्वतःच्या गालाचा, दुसरा किल्लारीला राहणाऱ्या मायचा, सरजाबाईचा.

"गालाला डिंकाची पट्टी लावून काय गावणार हाय तुला?" म्हणत म्हातारीनं लावून घेतली.

मायचे किडे यंत्रात आक्रसले, पण ओळखू येत होते. सगळ्यांच्या शेपट्या गोल. मंजुश्रीच्या गालावरचे अर्धे तसेच निघाले. उरलेल्या अर्ध्यांच्या शेपटीला खाच होती. आणि ते आक्रसले नव्हते. एकही नाही. तट्ट फुगलेले, सगळ्यांची तोंडं वर, बघणाऱ्याकडं.

तिला आधी आपलीच चूक वाटली. काडीचा केस तिच्या मैत्रिणीच्या पापणीचा होता, आणि पापणीतही हे किडे असतात. तिथूनच आले असणार! तिनं केस फेकला, नायलॉनचा तंतू लावला, गालावरून नवा नमुना घेतला. पुन्हा तेच. मग तिनं इरेला पेटून अल्कोहोल, सुकवणं, सगळं वगळलं आणि किडे ओलेच यंत्रात घातले. गोल शेपटीवाल्यांचा चेंदामेंदा झाला. खाचवाले तसेच. एकाचा पाय हलल्यासारखा वाटला. हवा नसलेल्या डब्यात! तिनं झटकन यंत्र बंद केलं.

दयानंद सरांनी छायाचित्रं पाहिली. ते तिच्या कामाचे प्रमुख, बोलायला सरळ माणूस.

"ही दोन घराणी आहेत, मंजुश्री. हे किडे वाऱ्यावर येत नाहीत. अंगावर पिणाऱ्या लेकराला आईकडून येतात आणि बहुतेक जन्मभर टिकतात. गोल शेपटीवाले तुझ्या आईचे, ते दिसतंच. दुसऱ्या कुणी पाजलं होतं का तुला?"

"कोण पाजणार, सर? किल्लारीच्या भूकंपात मी तान्ही होते, आमच्या घरातलं कुणी राहिलंच नाही. माय आणि मी, दोघीच."

सरांनी नुसतं खाचवाल्यांच्या छायाचित्रावर बोट ठेवलं. तिनं रजा टाकली.

लातूरवरून औशामार्गे किल्लारीला जाताना ती बसमध्ये गालाला हात लावत नव्हती. आजवर जगात आपलं म्हणून एकच माणूस, आणि तेही आपलं नसलं तर? विचारू नये असंही वाटत होतं. पण आपण जिचे किडे तोंडावर वागवतो ती बाई कोण, हे न विचारता जगायचं तरी कसं?

सरजाबाई अंगणात तूर पाखडत होती. मंजुश्रीनं मोबाइलवरचं किड्यांचं छायाचित्र पुढं धरलं. काय सांगायचं ते सांगून टाकलं आणि म्हणाली, "माय, खरं बोल."

म्हातारी त्या फुगीर, तोंड वर केलेल्या किड्यांकडं बघत राहिली. हे काय, असं तिनं विचारलंच नाही.

"ती हाय व्हय अजून?" म्हणाली. "मला वाटलंच व्हतं. लहानपणी तू झोपलीस की तुझे गाल हलायचे. कुणी मुके घेऊन राहिल्यावानी. मी दिवा घेऊन बघायची, कुणी नसायचं."

"कोण ती?"

"म्हाईत न्हाई गं. गणपतीला आलेली पाहुणी असंल कुणाची. शेजारच्या गल्लीत ढिगाऱ्याखाली सापडली. घरचं समदं मेलेलं, तिला वळखणारं बी कुणी उरलं न्हाई. ती बी गेलेली, पन तिच्या अंगाखाली तू जित्ती. तिचा गाल तुझ्या गालाला चिकटलेला. सोडवताना मलाच रडू फुटलं. माझी तान्ही त्याच पहाटं गेली व्हती, उरात दूध व्हतं. मी तुला पदराखाली घेतलं. कुणी इचारलं न्हाई, मी सांगितलं न्हाई."

मंजुश्री हमसून रडायला लागली. सरजाबाईनं तिला जवळ ओढलं नाही. ती उठली, घरात गेली आणि देवापुढची कुंकवाची डबी घेऊन आली. नवरा गेल्यापासून तिनं त्या डबीत स्वतःसाठी बोट घातलं नव्हतं, कुणा बाईला लावायचं तर सोडाच. विधवेनं लावू नये म्हणतात. आज तिनं बोट बुडवलं आणि कुंकू मंजुश्रीच्या कपाळाला नाही, दोन्ही गालांना लावलं, घरी आलेल्या सवाशिणीचा मान म्हणून.

"बाई," ती त्या गालांशी बोलली, "इतकी वर्सं घरात हाईस, तुला कुंकू बी लावलं न्हाई मी. चुकलं माझं. पोर तुझीच हाय. पन आता माझ्या म्हातारपणी तिला नेऊ नको. मला दुसरं कुणी न्हाई."

मंजुश्रीनं तिचा हात घट्ट धरला. "कुठं जाते मी, माय?"

तेवढ्यात कुंकवाखाली तिचे गाल वळवळले. आधी डावा, मग उजवा. खाज अशी सुटली की जीव नकोसा व्हावा. तिनं नख उचललं आणि खाली घेतलं. खाजवलं तर गालावरच्या पाहुणीला लागेल.