सातच मोहरे उरले

सकाळपासून देवकाबाईचं कशातच लक्ष नव्हतं. चहात साखर दोनदा पडली, वरणात मीठच नाही. कारण एकच, ओसरीत कालचा पट तसाच मांडून होता.

नणंद तुळसाबाई आंबागडहून माहेरी पवनीला आल्या, की बुद्धिबळ व्हायचंच. देवकाबाई नवी नवरी होती तेव्हा त्यांनीच तिला घोड्याची चाल शिकवली, आणि तेव्हापासून आजतागायत तिला हरवत आल्या. वर टोमणा ठरलेला, "वहिनी, तुमचा हात सांबारवडी तळालेच बरा." सगळे हसायचे. देवकाबाईही हसायची, पण आतून जळायची. एकदा, फक्त एकदा हिला मात द्यायची!

आणि काल डाव असा काही रंगला म्हणता! दोन राजे, पाच प्यादी, बस. दोघी जेवायला उठल्या आणि नात तृप्तीनं आगाऊपणा केला. पटाचा फोटो काढून फोनलाच विचारलं.

"आजी, तू जिंकून राहिली! राजा एक घर मांगं घे फक्त."

"कोनं इचारलं होतं वं तुले? अन् त्याले एवढी अक्कल कुठची?"

"अक्कल नाही, पाठ हाय त्याले. अख्खं बुद्धिबळ अजून कोणालेच सुटलं नाही. पण सातच मोहरे उरले, की सगळं सुटलेलं असते."

झालं! ती चाल डोक्यातून जाईना. आपल्याला सुचली असती का? असती. छे, कुठली! राजा मागे घेतला तर जिंकणार फोन. नाही घेतला तर जाणूनबुजून हातचा डाव घालवायचा. मेलीनं जिंकणंच चोरलं.

दुपारी तुळसाबाई भरलेली पिशवी मांडीवर घेऊनच पटाशी बसल्या. गाडीची वेळ होत आली होती. देवकाबाईचा हात राजावर गेला, मागे आला, पुन्हा गेला. शेवटी तिनं प्यादंच ढकललं. थोड्याच वेळात डाव बरोबरीत संपला.

तुळसाबाई हसल्या नाहीत. "वहिनी, राजा मांगं काहून नाही घेतला? मी रातभर त्याचाच धसका घेऊन होती."

देवकाबाईला रडूच फुटलं. "फोननं सांगतलं होतं बाई, म्हणून नाही घेतला. मले माह्या डोक्यानं जिंकाचं होतं."

"अवो, पन मले तिथपर्यंत आणलं कोनं? माही झोप उडवली, ते काय फोननं?" तुळसाबाईंनी पिशवी खाली ठेवली. "मांडा. सगळेच्या सगळे मांडा."

"अन् गाडी?"

"जाऊ द्या तिले."

देवकाबाईनं डोळे पुसले. तृप्तीचा फोन मागून घेतला, तांदळाच्या डब्यात टाकून झाकण घट्ट लावलं, आणि येऊन पहिलं प्यादं पुढे सरकवलं.