डोक्यावरचा पांढरा ठिपका

पिल्लूबाबांच्या खोलीत पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा टोपलीतून एक दिवसाचं पिल्लू उचलत, डोळे अर्धवट मिटत, पिल्लू कानाशी धरत आणि ओरडत, "आत्मा बोलला! नर!" मागे सांगितलेली पिल्लं आता मोठी होऊन आरवत होती, अंडी घालत होती. एकही चुकलं नव्हतं. मग ज्याला पिल्लाचं कळतं त्याला बाईच्या पोटातलं का कळू नये? अक्कल गहाण टाकली की असला हिशेब चटकन जुळतो. पिल्लांचा खेळ आटोपला की गरोदर बायांची रांग पुढे सरके.

भिंतीला टेकून कोंबडीवाले काका उभे होते. पिल्लं त्यांचीच. नामशेष होत आलेली जुनी पट्टेदार जात त्यांनी एकट्यानं जिवापाड जपली होती, पण तिला कुत्रं विचारत नव्हतं. या पट्टेदार कोंबडीला तांबडा कोंबडा लावला की पिल्लं जन्मतःच ओळखू येतात: नराच्या डोक्यावर पांढरा ठिपका, मादीचं डोकं काळंभोर. ही गंमत काकांनीच एकदा फुशारकी मारत बाबांना दाखवली होती. तेव्हा ते बाबा नव्हते, साधं गिऱ्हाईक होते. पुढे चमत्कार सुरू झाला, काकांच्या कोंबड्यांना मागणी आली आणि काका मूग गिळून बसले. मन खात होतं, पण तोंड उघडत नव्हतं.

आज रांगेत त्यांची पुतणी होती. सासूनं तिचा दंड घट्ट धरला होता.

"आणि मुलगी म्हणाले तर?" काकांनी विचारलं.

"तर काय करायचं ते आम्ही बघू. तुम्ही नका त्यात पडू."

पुतणीनं मान वर केली नाही. 

काका सरळ पुढे गेले आणि नुकतंच नर ठरलेलं पिल्लू त्यांनी उचललं. सकाळी पिल्लांना ऊब देणाऱ्या शेगडीत कोळसे भरल्यानं बोटं अजून काळी होती. बाबांकडे पाठ करून, सगळ्यांच्या देखत, त्यांनी ठिपक्यावर अंगठा घासला आणि वळले.

"महाराज, हे बघा बरं."

बाबांनी पिल्लू कानाशी धरलं. "आत्मा बोलला! मादी!"

कोणीतरी फिसकन हसलं.

"आत्ता नर होता की!" काका म्हणाले. "कोळसा फासला की आत्मा बदलतो होय?"

"नास्तिकाचा हात लागला, आत्मा बुजला!" बाबा कडाडले.

"आत्माबित्मा काही नाही. ठिपका बघून सांगतात हे, मीच शिकवलंय." काका गर्दीकडे वळले. "ओळखू येतं ते या कोंबड्यांचं, आणि तेही अशी जोडी लावली तरच. माणसाच्या पोटाला काय खिडकी आहे? देवानं डोळे दिलेत, डोकं दिलंय, विचारा की जरा! आणि मुलगी असली तर बिघडलं काय?"

सासूचा हात सैल पडला. पुतणी काकांना येऊन बिलगली.

दाराशी उभी असलेली एक बाई मात्र हलली नाही. तिचं पोट सपाट होतं.

"माझ्या वेळी मुलगी म्हणाले होते," ती म्हणाली. "घरच्यांनी ठेवू दिली नाही. काका, त्या दिवशी तुम्ही इथंच होतात ना?"

काकांना तिच्याकडे बघवेना.

"होतो, बाई," ते म्हणाले. "सगळं माहीत असून गप्प उभा होतो."