झेली मावशीच्या झडपा

फ्रान्समधल्या ब्रूसाक गावात कोणाच्या घरी मृत्यू झाला, की रस्त्याकडच्या खिडक्यांच्या लाकडी झडपा ओढून घेत आणि अंत्यविधी उरकेपर्यंत त्या उघडत नसत. झेली मावशीचा मुलगा फिर्मिन एकोणीसशे सतरा साली, पहिल्या महायुद्धात, आघाडीवर बेपत्ता झाला. प्रेत आले नाही, म्हणून तिने झडपाही ओढल्या नाहीत. पुढे सरकारने त्याला मृत ठरवले, चर्चसमोरच्या स्मारकावर त्याचे नाव कोरले. पण मावशीच्या झडपा, कडाक्याच्या हिवाळ्यातसुद्धा, रात्रंदिवस उघड्याच राहिल्या. कोणी सांत्वनाला गेलेच, तर ती विचारी, "का गं, कोणाचं काय झालं?"

आन्सेल्म वोजिए हा चित्रकार याच गावचा. युद्धापूर्वी तो गावाची जी चित्रे काढी, त्यांत कौलांवरचे शेवाळ, दोरीवरचे कपडे, अक्रोडाखाली बसलेली माणसे इतकी नेमकी उतरत, की लोक बोट ठेवून आपापले घर दाखवीत. खंदकांतून परतल्यावर त्याचा हात बदलला. प्रथम चित्रांतली माणसे गेली, मग सावल्या गेल्या, मग खिडक्या-दारेही गेली. उरले ते रंगांचे सपाट तुकडे: गेरूचा चौकोन म्हणजे भिंत, राखाडी त्रिकोण म्हणजे छप्पर. पॅरिसमध्ये या नव्या शैलीचे कौतुक होऊ लागले होते. तिच्यात ठरवून केलेले असे काही नव्हते. पूर्वीसारखे काढायला बसले की त्याचा हात थरथरे, एवढेच.

चोवीस सालच्या ऑक्टोबरात मेअरच्या कचेरीसाठी त्याने साऱ्या गावाचे एक मोठे चित्र केले. रविवारची प्रार्थना आटोपून लोक ते पाहायला जमले.

"हे चर्च होय? मला वाटलं, चीजचा तुकडा ठेवलाय," खाटीक म्हणाला.

"आधी तुझं दुकान शोधून दाखव, मग हस," मेअरनी सुनावले.

हशा पिकला. आन्सेल्मही हसला. तेवढ्यात झेली मावशी पुढे झाली आणि नाक टेकेल इतक्या जवळून चित्र न्याहाळू लागली.

"धुण्याच्या कुंडामागचं हे माझंच ना रे?"

"हो, मावशी."

तिने त्या घरावरच्या गडद चौकोनावर बोट टेकवले. मग "बरं," एवढेच म्हणून काठी टेकीत निघून गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी आन्सेल्मची बायको बेर्त पाव आणायला गेली होती, ती धापा टाकत परतली.

"ऐकलंस का? झेली मावशीनं झडपा ओढून घेतल्या."

"कोण गेलं?"

"फिर्मिन! तूच तर सांगितलंस म्हणे. तिच्या खिडकीच्या जागी काय काढून ठेवलंयस तू?"

आन्सेल्मला तो निळा-काळा चौकोन आठवला. शेजारची पिवळी भिंत फार उठून दिसत होती. तिला तोलायला काहीतरी गडद हवे होते. इतर कोणत्याच घराला त्याने खिडकी ठेवली नव्हती; हा एकच चौकोन ओढून घेतलेल्या झडपांसारखा दिसत होता.

"अगं, तो नुसता रंग आहे!"

"मला कळतंय रे. तिला कोण सांगणार? ती म्हणते, सरकार चुकतं, दगड कोरणारा तर परगावचा. पण आन्सेल्म लढाईत होता. त्याला तोंडानं सांगवेना, म्हणून त्यानं चित्रात सांगितलं."

तो अंगावरच्या कपड्यांनिशी निघाला. काय बोलायचे ते त्याने वाटेत जुळवले. चूक आपली, त्या चौकोनाला काही अर्थ नाही, फिर्मिनची तुकडी वेगळी होती, त्याचे पुढे काय झाले ते आपल्याला ठाऊक नाही. एवढे सांगितले, की ती झडपा उघडेल.

घरात बायका दाटीवाटीने बसल्या होत्या. मृत्यूच्या घरातल्या रीतीप्रमाणे घड्याळ थांबवलेले होते, आरशावर चादर टाकलेली होती. सात वर्षे मावशीने जे कोणाला बोलू दिले नव्हते, ते आज सगळ्या एकदम बोलत होत्या, फिर्मिनच्या खोड्या, त्याची शीळ, त्याचे खाणे. आणि मावशी रडत होती, लहान मुलासारखी, तोंड उघडे टाकून. खाटकाची बायको तिची पाठ चोळत होती.

आन्सेल्मला पाहून तिने एप्रनने तोंड पुसले.

"ये. कुठे, कसं, मी काही विचारणार नाही तुला. एकच सांग. थंडी होती का रे? त्याला थंडी सोसत नसे."

आन्सेल्मने टोपी काढली. जुळवलेले पहिले वाक्य ओठांवर होते. बायका त्याच्याकडे पाहत होत्या.

"नाही, मावशी," तो म्हणाला. "ऊन होतं."

"चांगलं ऊन?"

"कोट काढून बसावं, इतकं."

"मग ठीक," मावशी म्हणाली आणि शेजारणीकडे वळली. "त्याला खुर्ची दे गं. फार लांबून निरोप घेऊन आलाय पोर."

तो बायकांमध्ये बसला. त्या पुन्हा बोलू लागल्या. फिर्मिनचा चेहरा डोळ्यांपुढे आणायचा त्याने खूप प्रयत्न केला. सदऱ्याचा निळा रंग आठवला, उन्हाने रापलेली मान आठवली. चेहरा काही केल्या येईना.