आठाचे सात

मला एक सांगा, विश्वास कोणावर ठेवावा? ज्याचे हात काळे झालेत त्याच्यावर, की ज्याच्या तोंडी सारखं 'काळजी करू नका' असतं त्याच्यावर? माझा अनुभव विचाराल तर दोघांवरही डोळे मिटून ठेवू नका. जो मोजतो त्याच्यावर ठेवा. तोही मोजताना गप्पा मारत नसेल तरच.

मी चोवीस खणांची लाकडी पेटी बोलतेय. एरवी मी गोड बोलते, दुकानात वाढलेय ना. पण सध्या माझं डोकं फिरलंय. चार शब्द जास्त झाले तर पोटात घाला.

एका सुताराने जुन्या दाराच्या फळ्यांतून मला जुळवलं आणि मी हार्डवेअरच्या दुकानात आले. गिऱ्हाइकाचा माल आधी माझ्या खणांत मोजला जायचा, मग पुडीत जायचा. आमचे मालक चौथी शिकलेले, पण बोल्ट नुसता चिमटीत धरून इंच-सुतासकट माप सांगायचे.

एकदा एक सुतार सकाळी बारा स्क्रू घेऊन गेला आणि संध्याकाळी एक परत घेऊन आला. "उरला, ठेवा," म्हणाला. दुसऱ्या दुकानदाराने त्याच्या प्रामाणिकपणाचं कौतुक करून चहा पाजला असता. आमच्या मालकांनी दुकानाचं दार लोटलं, सुताराला पुढे घातलं आणि तडक ते घर गाठलं. दाराची वरची बिजागरी एका बाजूने सुटायला आली होती. मालक म्हणाले, "बाबा रे, उरत काहीच नसतं. इथे एक उरला म्हणजे तिथे एक भोक उपाशी आहे."

दुकान बंद करताना ते मला गल्ल्याजवळ उपडं करत आणि पाठीवर तीन थापा मारत. माझ्यातून काही पडलं की त्या दिवशी कोणाला तरी माल कमी गेला, हा त्यांचा हिशेब. शेजारी बसून गृहपाठ करणारी त्यांची लेक हे रोज बघायची.

मालकांना शौक एकच, मोहरीच्या रंगाची, दोन सीटांची जुनी स्पोर्ट्स कार. मालक गेले, दुकान आवरलं, आणि गाडी व मी दोघी लेकीच्या गॅरेजात आलो. गाडी दोन वर्षं तशीच उभी. इंजिनाच्या मागून तेल गळे आणि खाली ठेवलेली परात भरत राही. त्या गाडीतून आईला डोंगरापलीकडे मावशीकडे न्यायचं, असं लेकीने ठरवलं होतं. आईने त्यासाठी डोक्याला बांधायचा रुमालही काढून ठेवला होता.

आता जावई. त्यांना मालकांनीच नाव ठेवलं होतं होईलराव, कारण प्रश्न संपायच्या आत ते 'होईल' म्हणायचे. माणूस वाईट नाही. पण चार रविवारांत इंजिन-गिअरबॉक्स काढून, गळती बंद करून परत बसवतो, असं त्यांनी सासूबाईंना सांगून टाकलं होतं. जोडीला आणला मित्र, लिफ्ट दुरुस्त करणारा. इंजिन उचलायची क्रेनही त्याचीच.

पहिल्या रविवारी बॉनेट, रेडिएटर, वायरी आणि सायलेन्सरचा पाइप सुटला. दुसऱ्या रविवारी साखळी बांधली आणि इंजिन-गिअरबॉक्स जोडीने, नाक वर शेपूट खाली, असं तिरपं बाहेर आलं. ओझं उतरल्यावर गाडीचं पुढचं अंग वीतभर उचललं गेलं. लेक उपड्या बादलीवर बसून प्रत्येक बोल्ट हातात घ्यायची, पुसायची, माझ्या खणात टाकायची आणि कडेला खडूने आकडा लिहायची. गिअरबॉक्स वेगळा झाला, क्लच निघाला आणि त्यामागचं फ्लायव्हील, म्हणजे इंजिनाच्या शेपटाला बसवलेलं जड चाक, सुटलं. त्याचे बोल्ट आखूड, जाड, रुंद डोक्याचे. तिने लिहिलं, ८.

चौथ्या रविवारी बसवाबसवी. लेक रेडिएटरचा पाइप आणायला बाजारात गेली होती. गळतीचं नवं सील बसलं, फ्लायव्हील चढलं, सात बोल्ट आवळले गेले, आणि सासूबाई चहा घेऊन आल्या. चहाबरोबर होईलरावांच्या साहेबाचा विषय निघाला. साहेबाची सालं काढून झाल्यावर दोघांनी कप ठेवले आणि क्लच उचलून फ्लायव्हीलवर चढवला. झाकलं गेलं सगळं. आठवा माझ्यात पडून होता. मी किंचाळले असते, पण लाकडाला तोंड कुठून आणू?

दुपार कलता कलता इंजिन गाडीत बसलं, सगळं जोडलं गेलं. लिफ्टवाल्याने माझे खण चाचपले आणि थांबला.

"हा कुठला रे?"

होईलरावांनी लांबूनच ओळखला. तोंड उतरलं त्यांचं. "फ्लायव्हीलचा."

परत काढायचं म्हणजे पुन्हा दोन रविवार, असं लिफ्टवाला म्हणाला. मग हसला. "आठाचं काम सात करतात. कंपनी एखादा जास्तीचाच देते."

हा विनोद मी तीस वर्षं ऐकलाय. ज्याने ज्याने केला, त्याने आपल्या बायकापोरांना त्या यंत्रावर बसवताना केलेला नाही. मिनिटाला हजारो फेरे घेणारं चाक ते, आणि चालवणाऱ्याच्या पायांपासून हातभर अंतरावर!

होईलरावांनी मान खाली घातली आणि म्हणाले, "होईल."

मग त्यांनी अंगठा थुंकीने ओला केला, माझ्या कडेवरचा ८ पुसला आणि तिथे ७ लिहिला. बोल्ट माझ्या शेवटच्या खणात तेलकट फडक्याखाली सारला. माझ्या अंगावर! ज्या अंगावर मालकांनी कधी पाऊण डझनाचा डझन लिहिला नाही, तिथे खोटं लिहिलं. कुऱ्हाडीने फोडून चुलीत घातलं असतं तरी इतकी जळले नसते.

लेक आली. गाडी पाहून तिचे डोळे भरले. उद्या सकाळी आईला घेऊन निघते म्हणाली. होईलराव हात पुसत राहिले, पुसून पुसून स्वच्छ झाले तरी पुसत राहिले. तिने आवराआवर करायला मला उचललं, फडकं काढून भिरकावलं आणि हाताची सवय म्हणा, बापाचं रक्त म्हणा, मला उपडं करून पाठीवर थापा मारल्या. एक. दोन. तिसऱ्याला बोल्ट फरशीवर पडला आणि घरंगळत तिच्या चपलेला लागला.

तिने तो उचलून चिमटीत धरला. माझ्या कडेचा पुसट डाग पाहिला. मग नवऱ्याला सोडून लिफ्टवाल्याकडे वळली.

"भाऊजी, लिफ्टमध्येही असंच करता?"

"नाही हो वहिनी." तो जमिनीकडे बघत म्हणाला. "तिथे सही करावी लागते."

तिने खिशातला खडू काढून त्याच्यापुढे धरला. "मग इथेही करा. आणि तुम्हीही, होईलराव. सातावर सही करा, मी आईला बसवून निघते."

खडू तसाच तिच्या हातात राहिला. शेवटी होईलराव उठले आणि साखळी ओढून आणली. सासूबाई दारातून सगळं ऐकत होत्या. रुमाल घडी घालत म्हणाल्या, "दोन वर्षं थांबले, दोन रविवार काय मोठे? पण आता मोजायला मी बसणार."

आज त्या दोनांतला पहिला रविवार आहे. इंजिन परत साखळीला लटकलंय, क्लच खाली उतरलाय, आणि फ्लायव्हीलवरचं ते एक उपाशी भोक दोघांकडे टक लावून बघतंय. सासूबाई बादलीवर बसल्यात. कोणी साहेबाचा विषय काढला की खडू बादलीवर आपटतात. माझ्या कडेवर पुन्हा ८ आहे, खाली दोघांच्या सह्या आहेत. तरी थुंकीचा तो डाग गेलेला नाही, आणि माझा रागही.

तुम्हीही कधी काही उघडाल, इंजिन म्हणा, घड्याळ म्हणा. काढलेलं मोजा, बसवलेलं मोजा, आणि दोन्ही हिशेब खरे ठेवा. नाहीच जुळले, तर पुन्हा उघडा. फक्त माझ्या अंगावरचा आकडा पुसू नका.