खिळ्यावरची रोटी

घाट चढण्याआधी ड्रायव्हरने तंदूरच्या जाड रोटीचा एक घास दाताने तोडायचा. उरलेली रोटी गाड्यांचा कारभार बघणाऱ्या होशिमअकांच्या खोलीत खिळ्याला टांगायची आणि परतल्यावर त्यानेच ती संपवायची. इस्फारा गावच्या त्या गाडीतळावर घास तोडल्याशिवाय कुणी गाडी काढत नसे.

त्या सकाळी ड्रायव्हर नुसरतने रोटीसाठी हात पुढे केला. खोलीत अंधारच होता, तरी त्याच्या डोळ्यांतल्या बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होत्या. होशिमअकांनी रोटी पाठीमागे घेतली.

"आज नाही. चावी दे."

"काय अका, रोटी करपली काय?" मागून कुणीतरी म्हणालं. बाकीचे हसले.

अकांनी नुसरत सोडून सगळ्यांना बाहेर काढून दार लोटलं. गर्द घेणाऱ्याला त्याच दिवशी कामावरून काढायचं, असा मालकाचा हुकूम होता. तो पाळून अकांनी मागे शरीफ नावाच्या ड्रायव्हरला काढलं होतं, आणि त्याच हिवाळ्यात शरीफ बाजारामागे थिजून मेला. म्हणून या वेळी ते आधीच मालकाकडे जाऊन आले होते. मालकाने बरीच कुरकुर केली आणि शेवटी, महिनाभर वाट बघतो, पुढचं तुझ्या डोक्यावर, असं सांगितलं.

"तुला काढलेलं नाही," अका म्हणाले. "दवाखान्यात राहा. बरा होऊन ये, गाडी तुझीच."

"सगळ्यांना कळेल, अका."

"सगळ्यांना केव्हाच कळलंय, बाळा."

नुसरतने चावी अकांच्या हातावर ठेवली. मग म्हणाला, "निदान घास तरी तोडू द्या."

अकांनी रोटी दिली. तळावर घाटासाठी नव्हे, तर दवाखान्यात जाणाऱ्यासाठी टांगलेली ती पहिलीच रोटी.

आठवडा होत नाही तोच दवाखान्यातून निरोप आला, की नुसरत भिंत ओलांडून पळून गेला. दुसऱ्या दिवशी त्याची बायको गुलशाद तळावर आली. ते इथे आलेत का, असं तिने विचारलं. अकांनी नकारार्थी मान हलवली. तिची नजर खिळ्यावर गेली. दातांची खूण तिने ओळखली असावी. ती डोक्यावरच्या रुमालाने तोंड झाकून निघून गेली.

महिना सरला तशी मालकाने गाडी दुसऱ्याला द्यायला सांगितली. नवा ड्रायव्हर घास तोडून खिळ्याशी थबकला.

"अका, ही दगड झालीय. काढू का?"

"राहू दे," अका म्हणाले, आणि भिंतीत दुसरा खिळा ठोकू लागले.