नोएलाची निळी टोपी

ग्वेन नावाच्या बाईला नोएलाने कधी पाहिलं नव्हतं, पण आठ महिने तिचा दुस्वास मात्र अगदी मन लावून केला होता.

नोएलाचा नवरा एमिल सैन्याबरोबर युद्धाच्या दिवसांत क्रोएशियाला जाऊन आला त्याला पंचवीस वर्षं झाली होती. तिथे काय घडलं, त्याबद्दल त्याने बायकोजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. झोपेत ओरडायचा तेव्हा दिवा लावायची ती, घामाने भिजलेली चादर बदलायची ती. आणि आता हा बाबा माजी सैनिकांच्या लोकपाल कार्यालयातल्या कुणा ग्वेनशी फोनवर अर्धा-अर्धा तास बोलत होता. तेही घरात नाही, अंगणात ट्रकमध्ये, काच वर करून. स्वयंपाकघराच्या खिडकीतून नोएलाला त्याचे हलणारे ओठ तेवढे दिसायचे. तिच्याशी बोलताना ते इतके कधी हलले नव्हते.

विचारलं की म्हणायचा, एक तक्रार आहे, माजी सैनिकांच्या खात्याविरुद्ध. कसली, तर नंतर सांगतो. ते नंतर काही उजाडेना.

नोएला तरी सगळं सांगत होती असं नाही. मागच्या वर्षापर्यंत दर मंगळवारी ती जवळच्या समरसाइड शहरात एका समुपदेशक बाईंकडे जायची. सैनिकाची बायको म्हणून तिला ते समुपदेशन फुकट मिळत होतं, पण नवऱ्याच्या उपचारांचा भाग म्हणून. एमिलने उपचार सोडले आणि खात्याने हिचंही दार बंद केलं. बरं झालं, पेट्रोल वाचलं, असं ती त्याला म्हणाली होती. मंगळवारची फेरी मात्र तिने सोडली नाही. बाजाराला जाते म्हणायची, आणि पिशवी बहुतेक रिकामीच परत आणायची.

मार्चमध्ये लीजन हॉलच्या, म्हणजे गावातल्या माजी सैनिकांच्या क्लबच्या दारावर कागद लागला. लोकपाल कार्यालयाची माणसं रविवारी दुपारी येणार होती, सैनिकांचं आणि त्यांच्या घरच्यांचं म्हणणं ऐकायला. खाली येणाऱ्यांची नावं होती, त्यात ग्वेन मॅक्इसाक. नोएलाने ते नाव दोनदा वाचलं आणि घरी येऊन कपाटातून लेकीच्या लग्नात घातलेली निळी टोपी काढली, पिसाची. एमिल देरोशला बायको आहे आणि ती अशीतशी नाही, हे त्या बाईने एकदा डोळ्यांनी बघावंच.

रविवारी तिने हॉलमध्ये पाऊल टाकलं आणि घंटा वाजली.

लीजनमध्ये टोपी घालून शिरायचं नाही. गेलेल्या सोबत्यांचा मान असतो तो. शिरलात तर घंटा वाजते आणि सगळ्या हॉलला एकेक पेला पाजावा लागतो. इतकी वर्षं नवख्या पाहुण्यांच्या टोप्या दारातच उतरवून घ्यायचं काम नोएलाच करत आली होती. मत्सराने तिचं डोकं असं फिरलं होतं, की त्या डोक्यावर काय आहे तेच ती विसरली.

"काय नोएलावहिनी, आज तुमच्याकडून का?" बारमागचा वेंडेल घंटेची दोरी न सोडता म्हणाला. साठ माणसं खदाखदा हसली. नोएलाने टोपी काढली आणि मुकाट्याने सगळ्यांना बिअर पाजली.

एका बाईने तेवढा पेला घेतला नाही. पन्नाशीची, जाड चष्म्याची, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकलेल्या मिठाने बूट पांढरे झालेली. "आम्हाला कुणाकडून काही घेता येत नाही, साधी बिअरसुद्धा नाही. पण टोपी छान आहे हं तुमची," ती म्हणाली. तिच्या छातीवरच्या बिल्ल्यावर ग्वेन लिहिलं होतं.

नोएलाला एखादी देखणी बाई परवडली असती. देखण्या बाईवर जळणं सोपं असतं. हिच्याशी माणूस खरोखरच मनातलं बोलत बसला असेल, हे नुसतं बघून कळत होतं.

कोट टांगायच्या खोलीत तिने ग्वेनला गाठलं. "माझा नवरा तुमच्याशी काय बोलतो?"

"ते मला सांगता येत नाही."

"बरं, फोन करतो का, एवढं तरी?"

"तेही नाही. तुम्ही त्यांनाच विचारा ना."

"पंचवीस वर्षं विचारतेय, बाई."

ग्वेनने चष्मा पुसून परत डोळ्यांवर चढवला. तिचा चष्मा ओढून जमिनीवर आपटावा असं नोएलाला वाटलं.

बाहेर माइकपाशी रांग लागली होती, प्रत्येकाला तीन मिनिटं. रांगेत एमिलला बघून नोएला भिंतीशी थबकली.

"माझी तक्रार बायकोच्या उपचारांची आहे," एमिल म्हणाला. "ते माझ्यामुळे बंद झाले. ती म्हणते, नको होते तिला. पण दर मंगळवारी बाजाराला जाते आणि काही आणत नाही. मला वाटलं, कुणीतरी असेल. म्हणून एकदा मागे गेलो." हॉलमध्ये कुणी हसलं नाही. "ती त्या समुपदेशक बाईंच्या इमारतीसमोर गाडी लावते. तिच्या ठरलेल्या वेळी तासभर गाडीत बसते आणि घरी येते. दुखणं माझं आहे, पण भोगते तीपण. मग तिचं औषध माझ्या नावावर का?"

नोएलाचे कान तापले. तिचा तो एक तास साठ माणसांपुढे मांडला होता, आणि त्याआधी आठ महिने तो ग्वेनला ठाऊक होता. रडू येत होतं, पण राग आधी आला. ती सरळ त्याच्यापाशी गेली.

"मागे आला होतास, तर काच का नाही ठोठावलीस?"

एमिल माइकपासून बाजूला झाला. "शेजारच्या सीटवर कुणी नव्हतं," तो हळूच म्हणाला. "ते बघून मला इतकं हायसं वाटलं. तू रडत होतीस, आणि मी खूश. मग लाज वाटली. हे तुला कुठल्या तोंडाने सांगणार? त्या बाईला सांगता आलं. ती माझी कुणी नाही."

नोएलाने हातातल्या टोपीचं पीस सरळ केलं. तिचा मत्सर काही गेला नव्हता. ट्रकमधले ते सगळे अर्धे तास तिला हवे होते, एकही न गाळता.

"या मंगळवारी गाडी तिथेच लावणार आहे," ती म्हणाली. "तू शेजारी बस. तिला जे जे सांगितलंस, ते मला पहिल्यापासून सांग."