केशरची सोयरीक

शिंपीकाकांच्या दुकानामागच्या खोलीत साप राहतात हे सगळ्या गिऱ्हाइकांना ठाऊक होतं. त्यामुळे शिवलेले कपडे न्यायला कुणी उशीर करत नसे आणि मापं द्यायला आलेलं माणूस उगाच गप्पा मारत बसत नसे.

उभी हयात काकांनी लोकांचे कपडे बेतले. साप मात्र निव्वळ हौसेचे. सगळे बिनविषारी, प्रत्येकाला वेगळी काचेची पेटी, आणि पेटी धुताना ठेवायला काकांनी शिवलेली सुती पिशवी. त्यातही जीव की प्राण होती ती नारिंगी रंगाची केशर. इतकी गरीब, की काका काजं करत बसले की तासन्‌तास मांडीवर पडून राहायची.

सगळं सुखात चाललं होतं. पण साप पाळणाऱ्यांच्या मंडळातल्या एका चष्मेवाल्यानं नव्याच रंगाची पिल्लं काढली, आणि लोक त्या रंगाला चष्मेवाल्याच्याच नावानं ओळखायला लागले. त्या दिवसापासून काकांना अन्न गोड लागेना. आपलंही नाव व्हावं, आणि त्यासाठी केशरची सोयरीक पलीकडच्या पेटीतल्या पट्टेवाल्या सरदाराशी जुळवावी, असं त्यांनी मनात घेतलं. नारिंगी अंगावर काळे-पांढरे पट्टे! मंडळात असा साप कुणी बघितला नव्हता.

"वेगळ्या जातीचे आहेत, जमेल का गं?" त्यांनी पुतणीला विचारलं. पुतणी जनावरांची डॉक्टर.

"जमतं ना काका. पिल्लं होतात, आणि त्या पिल्लांनाही पिल्लं होतात. खरी गोम तिथेच आहे. तुमच्याकडनं एकानं नेलं, त्याच्याकडनं दुसऱ्यानं, की चौथ्या घरी कोण सांगणार हे मिश्र आहे म्हणून? पुढे खरी केशर कुठली, हेच कुणाला कळणार नाही."

"मी कुणाला देणारच नाही."

"तुम्ही नाही देणार. तुमच्यानंतर?"

काकू भाजी निवडत होत्या. "आणि अहो, सरदाराची जात दुसरे साप खाते, हे विसरलात वाटतं? आईला बघून ज्याच्या तोंडाला पाणी सुटेल, असलं लेकरू हवंय कशाला?"

काकांनी मान खाली घालून सुईत दोरा ओवला. गप्प बसणं म्हणजे ऐकणं नव्हे, हे इतका संसार करून काकूंना कळायला हवं होतं.

काकू बहिणीकडे गेल्या, त्या दुपारी काकांनी दुकानाचं दार लोटलं. सरदाराला आधीच पोटभर खाऊ घातलं होतं, म्हणजे नवरीवर दात नको. परक्या जातीच्या मादीकडे नर फिरकत नाही, कारण साप ओळखतो तो वासावर. त्यावर साप पाळणाऱ्यांची एक जुनी युक्ती आहे. नराच्या जातीच्या मादीनं टाकलेली कात ओली करायची आणि परक्या मादीच्या अंगाला चोळायची. काकांनी तशी एक कात मिळवून ठेवली होती, ती दोन्ही हातांनी कणीक मळावी तशी मळली, केशरला डोक्यापासून शेपटीपर्यंत चोळली आणि तिला पेटीत सोडलं. काकूंनी विणलेल्या स्वेटरच्या बाह्या वर सारायचं मात्र या उतावळ्या नवरदेवाच्या बापाला सुचलं नाही. त्या कोपरापर्यंत भिजल्या.

मग ते सरदाराला आणायला वळले. तेवढ्यात केशर सवयीप्रमाणे पाण्याच्या भांड्यात शिरली, मस्त डुंबली आणि अंगाचा सगळा वास धुऊन बाहेर आली.

सरदार पेटीत उतरला. जीभ लवलवली. केशरपाशी जाऊन तो थबकला आणि त्यानं मान मागे घेऊन वाकवली. ती मान काकांनी दर आठवड्याला बघितलेली होती, उंदीर समोर टाकला की व्हायची तशीच. विचार न करता त्यांनी मध्ये हात घातला.

सरदारानं दंडावर झडप घातली आणि हाताला विळखा घातला. विळखा आवळत गेला, हात बधिर झाला. दुसऱ्या हातानं काकांनी केशरला उचलून पिशवीत टाकलं आणि खालीच बसकण मारली. आपल्या नावापायी आज ही गेली असती, एवढंच त्यांच्या मनात येत होतं. त्यांना रडू आलं.

मग विळखा सैलावला. सरदाराची जीभ बाहीवरून फिरली, पुन्हा फिरली. बाहीची कड त्यानं हळूच तोंडात धरली आणि तो सगळ्या अंगानं लाडानं थरथरू लागला. बाहीच त्याच्या मनात भरली होती.

काकू परतल्या तेव्हा काका जमिनीवर तसेच बसलेले.

"अहो, सोडा त्याला!"

"मी कुठं धरलंय? त्यानं मला धरलंय!"

कातीचा वास, पाण्याचं भांडं, पिशवीतली केशर, काकूंना एका नजरेत सगळं उमगलं. चिडायचं होतं, पण त्या हसत सुटल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. मग त्यांनी कापडाची मोठी कात्री घेतली, बाही खांद्यापासून कापली आणि सरदारासकट अलगद ओढून त्याच्या पेटीत ठेवली.

"खाल्लं असतं गं तिला," काका म्हणाले. "माझ्यामुळे."

"नाही ना खाल्लं? उठा, चहा टाकते."

जुन्या रंगाची लोकर काही मिळाली नाही. काकूंनी नवी बाही नारिंगी विणली. तो तपकिरी स्वेटर घालून काका मंडळात गेले, तेव्हा पुतणीनं सगळी कहाणी आधीच तिखटमीठ लावून सांगून ठेवली होती. चष्मेवाला तर खुर्चीवरून पडायचा राहिला.

आता दोन जातींची जोडी लावायचं खूळ कुणाच्या डोक्यात शिरलं की मंडळी त्याला शिंपीकाकांकडेच धाडतात. परवाही एक जण आला. दुकानाच्या दारातनंच त्यानं विचारलं, "स्वेटरवाले काका इथेच राहतात ना?"

"या, मीच तो," काका म्हणाले. मांडीवरची केशर जरा सरकवून त्यांनी नारिंगी बाही पुढे केली आणि पाहुण्याला बसायला स्टूल दिलं.